पॉपओव्हर फुगून पुन्हा का बसतात?

मागील अंकात पॉपओव्हरची कृती दिल्यानंतर सिंधुदुर्गापासून रायगडापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी येऊन थांबलेली दिसते, म्हणून या वेळचे सदर मी या एकाच पदार्थासाठी राखून ठेवले आहे. ज्यांच्या हाती मागील अंक पडला नसेल त्यांच्यासाठी कृती थोडक्यात पुन्हा सांगते. ३ मध्यम अंडी (कवच काढून साधारण १५० ग्रॅम), २४० मिलिलिटर कोमट दूध, १२० ग्रॅम मैदा, अर्धा चहाचा चमचा मीठ आणि १ मोठा चमचा पातळ केलेले साजूक तूप एवढ्याच जिनसा लागतात. अंडी आणि दूध एकत्र फेटून त्यात मीठ व चाळलेला मैदा मिसळावा, तूप घालावे आणि हे सरसरीत पीठ अर्धा तास झाकून ठेवावे. २२० अंश सेल्सिअसला चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्येच तापवून घेतलेल्या, आतून तूप लावलेल्या सहा खोल साच्यांत ते निम्म्याहून किंचित अधिक भरावे. २० मिनिटे त्याच तापमानावर आणि नंतर दार न उघडता तापमान १८० अंशांवर आणून आणखी १५ मिनिटे भाजावे. तयार झालेला पॉपओव्हर बाहेरून तपकिरी व कुरकुरीत असतो आणि आतून जवळजवळ पूर्ण पोकळ असतो.

प्रश्न: ताई, ओव्हनच्या काचेतून पाहते तेव्हा पॉपओव्हर वाटीच्या काठावर दोन बोटे चढलेले असतात, पण बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत ते खाली बसतात आणि आत ओलसर, चिकट राहतात. चार वेळा असेच झाले. पिठात थोडी बेकिंग पावडर घातली तर ते टिकतील का? (एक वाचक, मालवण)

उत्तर: बेकिंग पावडर मुळीच घालू नका. तुमचे पॉपओव्हर दोन बोटे चढतात याचा अर्थ फुगण्याचे काम नीट होत आहे. अडचण त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत आहे.

तुमच्या घरी कोंबडीबरोबर वडे होत असतील. कडकडीत तेलात सोडलेला वडा टम्म फुगतो, कारण पिठातील पाण्याची वाफ होते, आणि वरचा पापुद्रा तोवर आवळून आलेला असल्यामुळे ती बाहेर न पडता त्याला आतून वर ढकलते. तेल कोमट असेल तर तोच वडा चपटा आणि तेलकट होतो. पॉपओव्हरचे तंत्र नेमके हेच आहे. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान दीड हजार पटींहून अधिक वाढते, आणि आपल्या पिठात दूध व अंड्यांच्या रूपाने पाणी भरपूर असते. तापलेल्या साच्याला टेकलेले पीठ प्रथम शिजते आणि त्याची एक लवचीक भिंत तयार होते. मधल्या पातळ पिठातील वाफेने ही भिंत ताणली जाते आणि पीठ काठाबाहेर उसळते. मैद्यातील ग्लूटेनमुळे भिंत ताणता येते, तर अंड्यातील प्रथिने आणि मैद्यातील स्टार्च तापून घट्ट झाल्यामुळे ती ताणलेल्या अवस्थेत टिकते. वाफ थंड झाली की तिचे पुन्हा पाणी होते आणि आतला जोर संपतो. त्या क्षणी भिंत स्वतःच्या बळावर उभी राहण्याइतकी वाळलेली नसेल, तर ती आत कोसळते. तुमच्याकडे हेच घडते आहे.

बेकिंग पावडरने सोडलेला वायू सगळ्या पिठात बारीक बारीक जाळी पाडतो. एक मोठी पोकळी तयार होण्याऐवजी केकसारखा मऊ लगदा तयार होतो आणि आपल्याला हवा तो पदार्थ हाती येत नाही.

आता उपाय. पहिल्या वीस मिनिटांत पॉपओव्हर पूर्ण उंची गाठतो आणि वरून छान रंगही धरतो, त्यामुळे तो झाला असे वाटून ओव्हन बंद करण्याचा मोह होतो. कृपया तेव्हा त्याच्या माथ्याकडे पाहू नका, कुशीकडे पाहा. काठाच्या लगेच वरचा, जिथून तो बाहेर झुकलेला असतो तो पट्टा जर फिकट पिवळा आणि ओला चकाकणारा असेल, तर भिंत अजून कच्ची आहे. तोच पट्टा माथ्याइतका तपकिरी आणि निस्तेज दिसू लागला की समजावे की ती वाळली. माझ्या ओव्हनमध्ये यासाठी एकूण ३५ मिनिटे लागतात, पावसाळ्यात कधी ३८ लागतात. माथा फार लवकर करपत असेल तर तापमान आणखी १० अंशांनी कमी करावे, पण वेळ तोडू नये.

बाहेर काढल्याबरोबर प्रत्येक पॉपओव्हरच्या कुशीत सुरीचे टोक खुपसून एक लहान छिद्र पाडावे. आतली वाफ फुस्स करून बाहेर येते, हाताला लागते, म्हणून बोटे बाजूला ठेवावीत. हे छिद्र पाडले नाही तर कोंडलेली वाफ आतल्या आत पाणी होऊन भिंत भिजवते. छिद्र पाडून ते पाच मिनिटे बंद केलेल्या पण गरम ओव्हनमध्ये दार किंचित उघडे ठेवून परत ठेवले, तर आणखी चांगले. इतके करूनही फोडल्यावर आत एक-दोन ओलसर, कस्टर्डसारखे मऊ पापुद्रे दिसले तर काळजी करू नये. ते तसेच असायला हवेत, आणि मला तर तोच भाग सर्वांत आवडतो.

प्रश्न: आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दाब फार कमी असतो. ओव्हन २२० वर ठेवून नेहमीच्या वेळेइतका तापवला तरी पॉपओव्हर मफिनएवढेच राहतात. दुपारी केलेले मात्र बरे होतात. याचा विजेशी संबंध असू शकतो का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: थेट संबंध आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. ओव्हनच्या सळईतून मिळणारी उष्णता विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १,२०० वॉट देणारा ओव्हन १९० व्होल्टवर साधारण ८२० वॉटच देतो. म्हणजे दाब सहाव्या हिश्श्याहून थोडा अधिक उतरला, तर उष्णता जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटते. केक, नानकटाई किंवा बिस्किटे अशा वेळी थोडी उशिरा होतात, पण होतात. पॉपओव्हरला मात्र सुरुवातीचा झटका हवा असतो. पीठ हळूहळू तापले तर भिंत लवचीक असतानाच्या अवधीत पुरेशी वाफ तयार होत नाही, आणि जेव्हा होते तेव्हा भिंत घट्ट झालेली असते.

बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, हे मी प्रत्येक ओव्हनधारकाला सांगते. ओव्हनच्या जाळीवर ठेवायचा लहान तापमापक मिळतो. तो आत ठेवून २२० अंश खरोखर झाले का हे काचेतून वाचावे. घरगुती ओटीजीमध्ये बटण आणि आतले तापमान यांत २०-२५ अंशांचा फरक आढळणे अगदी सामान्य आहे. संध्याकाळीच करायचे असतील तर वरची व खालची अशा दोन्ही सळया सुरू ठेवून साच्यांसह अर्धा तास तापवावा आणि तापमापक सांगेल तेव्हाच पीठ ओतावे. सहाऐवजी चारच साचे ठेवावेत, कारण थंड पिठाचे ओझे जितके कमी तितका ओव्हन लवकर सावरतो. दुपारी बरे होतात हे तुम्ही स्वतःच पाहिले आहे, तेव्हा पाहुण्यांसाठी करायचे असतील तर दुपारचीच वेळ ठरवणे शहाणपणाचे आहे.

दाराबद्दलही येथेच सांगते. पीठ ओतण्यासाठी दार उघडले की लहान ओव्हनमधील गरम हवा काही सेकंदांत निघून जाते, म्हणून पीठ चोच असलेल्या भांड्यात आधीच तयार ठेवून अर्ध्या मिनिटात सगळे साचे भरता आले पाहिजेत. त्यानंतर पहिली पंचवीस मिनिटे दार उघडायचे नाही. मी सुरुवातीच्या दिवसांत एकदा चौदाव्या मिनिटाला, एक साचा वाकडा ठेवला गेल्यासारखा वाटला म्हणून, दार चार बोटे उघडले होते. सहाही पॉपओव्हर माझ्या डोळ्यांदेखत खाली गेले आणि नंतर वीस मिनिटे भाजूनही वर आले नाहीत. एकदा विरलेला जोर परत येत नाही. वीज मध्येच गेली तर दार तसेच बंद ठेवून वाट पाहावी. पाच-सात मिनिटांत आली तर निदान खाण्याजोगे काहीतरी हाती लागते.

प्रश्न: पॉपओव्हरचे खास साचे आमच्याकडे मिळत नाहीत. घरी आजीच्या वेळचे बिडाचे आप्पेपात्र आहे. ते चालेल का? तसेच तुपाऐवजी घाण्यावरचे खोबरेल वापरले तर? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर: बीड उष्णता उत्तम धरून ठेवते, त्यामुळे तुमची कल्पना चुकीची नाही, पण आप्पेपात्राचे खळगे उथळ आणि गोल तळाचे असतात. पॉपओव्हरला उभ्या, खोल भिंतीचा आधार लागतो. त्या भिंतीवर टेकत टेकतच तो वर चढतो. उथळ खळग्यात तो आडवा पसरतो आणि शेजारच्याला चिकटतो.

त्यापेक्षा आमटीसाठी वापरतो त्या जाड बुडाच्या, शक्य तितक्या उभट स्टीलच्या वाट्या घ्याव्यात. साधारण १५० मिलिलिटर मावणाऱ्या सहा वाट्या वरील मापाला पुरतात. पेरूइतक्या गोल, आत वळलेल्या काठाच्या वाट्या नकोत, नाहीतर झालेला पॉपओव्हर बाहेर निघणार नाही. या वाट्या एका ट्रेवर एकमेकींपासून दोन-दोन बोटे अंतर ठेवून मांडाव्यात, म्हणजे गरम हवा सगळीकडून फिरते. मफिनचा ट्रे असेल तर एकाआड एक खळगा रिकामा ठेवावा. सिलिकॉनचे साचे या कामाला निरुपयोगी आहेत, कारण ते उष्णता पटकन पोहोचवत नाहीत.

खोबरेलाबद्दल तुम्ही विचारलेत हे बरे झाले. घाण्यावरचे, न शुद्ध केलेले खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरावू लागते आणि आपला साचा तर २२० अंशांवर तापवायचा आहे. घरभर धूर होतो व पदार्थाला जळका वास लागतो. साधे लोणी घेतले तर त्यातील दुधाचा अंश काळा पडतो. साजूक तुपातून हा अंश आधीच निघून गेलेला असतो, म्हणून साच्याला लावण्यासाठी आपले घरचे कढवलेले तूप सर्वांत योग्य. तूप खळग्याच्या तळापासून काठापर्यंत, आणि काठाच्या वरच्या बाजूलाही पुसून लावावे, कारण पॉपओव्हर नेमका काठालाच चिकटतो.

प्रश्न: आमच्याकडे गावठी कोंबड्यांची अंडी असतात. तीन अंडी घेऊन केले तर पीठ घट्ट झाले आणि पॉपओव्हर जड लागले. गावठी अंड्यांत काही फरक असतो का? मैद्याऐवजी तांदळाचे पीठ किंवा नाचणी वापरता येईल का? (एक वाचक, देवगड)

उत्तर: गावठी अंडे चवीला सरस असते, फक्त लहान असते. बाजारातले अंडे कवचाविना ५० ग्रॅमच्या आसपास भरते, तर गावठी अंडे कित्येकदा ३५ ग्रॅमच भरते. तीन गावठी अंड्यांनी तुमच्या पिठात जवळजवळ एक अख्खे अंडे कमी पडले. या पदार्थात अंडे मोजून न घेता तोलून घ्यावे. १५० ग्रॅमसाठी चार, क्वचित पाच गावठी अंडी लागतील.

पीठ किती पातळ हवे हे शब्दांत सांगणे कठीण असते, पण कोकणातील वाचकांना मला फार समजवावे लागणार नाही. घावणाचे पीठ डावातून सोडल्यावर जसे तव्यावर आपोआप पळते, त्याहून किंचित दाट, म्हणजे चमच्याच्या पाठीवर पातळ सायीसारखा थर राहील इतके असावे. रवीने किंवा व्हिस्कने हलक्या हाताने घुसळावे. चार-दोन बारीक गुठळ्या राहिल्या तरी अर्ध्या तासात मैदा दूध पिऊन त्या विरतात. त्या घालवण्यासाठी मिक्सरमध्ये फिरवत बसल्यास ग्लूटेन अधिक ताठ होते आणि भिंत चिवट लागते. दूध कोमट आणि अंडी खोलीच्या तापमानाची घ्यावीत, कारण फ्रिजमधील गार पीठ तापलेल्या साच्याची सगळी उष्णता शोषून घेते. उन्हाळ्यात कच्च्या अंड्याचे पीठ तासाभराहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये.

तांदळाच्या पिठात ग्लूटेन नसते. केवळ अंड्याच्या बळावर ते थोडे फुगतात, पण उंची कमी राहते आणि भिंत ठिसूळ होते. नाचणीचे पीठ मैद्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे १२० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम, चालते. रंग देखणा येतो आणि खमंगपणा वाढतो, हे मी करून पाहिले आहे. कणीक निम्मी घेता येते. त्याहून अधिक घेतल्यास कोंड्याच्या कडा ताणलेली भिंत कापतात आणि वाफ निसटते.

प्रश्न: श्रावणात आमच्याकडे अंडी वर्ज्य असतात. बिनअंड्याचे पॉपओव्हर करता येतील का? (एक वाचक, दापोली)

उत्तर: नाही. ताक व सोडा घालून मऊ पावासारखे काहीतरी करता येईल, आणि ते चवीला चांगलेही लागेल, पण पोकळ पॉपओव्हर होणार नाही. भिंत उभी धरणारी वस्तूच काढून घेतल्यावर वाफ कोणाच्या आधाराने थांबणार? श्रावण संपेपर्यंत थांबावे.

प्रश्न: पॉपओव्हर आणि यॉर्कशायर पुडिंग एकच का? आणि पावसाळ्यात ते अर्ध्या तासात मऊ पडतात, त्यावर काही इलाज आहे का? कशाबरोबर खावेत तेही सांगा. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: दोघे एकाच घराण्यातले आहेत. यॉर्कशायर पुडिंग इंग्लंडचे. भाजल्या जाणाऱ्या मांसाखाली ठेवलेल्या भांड्यात चरबी ठिबकत असे, त्या कढत चरबीत हेच पीठ ओतून ते करण्याची रीत अठराव्या शतकापासून ग्रंथित आहे, आणि ते मांसाच्या रश्श्याबरोबर खातात. २००८ साली तेथील रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या रसायनशास्त्राच्या संस्थेने चार इंचांहून कमी उंचीच्या पुडिंगला यॉर्कशायर पुडिंग म्हणता येणार नाही, असे जाहीर केले होते. फुगण्याचा प्रश्न केवळ आपल्यालाच सतावत नाही, हे यावरून लक्षात येईल. पॉपओव्हर अमेरिकेतील. तेथे चरबीऐवजी लोणी आले, उभट साचे आले, आणि पीठ उसळून काठाबाहेर येते म्हणून हे नाव पडले. मेन राज्यातील अकेडिया राष्ट्रीय उद्यानात जॉर्डन पाँड हाउस नावाचे उपाहारगृह आहे. तेथे १८९०च्या दशकापासून चहाबरोबर गरम पॉपओव्हर, लोणी आणि स्ट्रॉबेरीचा जॅम देण्याची प्रथा आहे.

मऊ पडण्यात तुमच्या कृतीचा दोष नाही. किनाऱ्यावरील पावसाळी हवा पाण्याने भरलेली असते आणि कोरडे कवच ते पाणी ओढून घेते. पापड उघडा राहिला की जे होते तेच येथे होते. झालेले पॉपओव्हर ताटात एकावर एक रचू नयेत आणि फडक्याखाली तर मुळीच झाकू नयेत. जाळीवर सुटे ठेवावेत. मऊ पडलेच तर १८० अंशांवर सहा-सात मिनिटे ठेवल्यास पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये मात्र ते चामट होतात. जास्तीचे उरले तर पूर्ण गार झाल्यावर हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवता येतात आणि न वितळवताच ओव्हनमध्ये गरम करता येतात.

खाण्याबाबत माझे मत ठाम आहे. पॉपओव्हर सुरीने कापू नये, हाताने फोडावा. फोडताच आतून गरम वाफेचा आणि तुपाचा वास येतो, त्या पोकळीत आधी लोण्याचा गोळा टाकावा आणि तो विरघळू लागला की वर चमचाभर करवंदाचा जॅम किंवा कैरीचा साखरांबा घालावा. आमरस घालून पाहिला, पण तो पातळ असल्यामुळे कवच लगेच भिजते. त्यापेक्षा आटवलेला आंब्याचा मावा थोडा दुधात सैल करून घ्यावा. तिखट हवे असेल तर कोळंबीचे सुके अगदी अंगाबरोबर रस्सा आटवून, ताट वाढताना पोकळीत भरावे. हे सगळे करताना मंडळींना आधी पानावर बसवावे आणि ओव्हनचे दार त्यानंतर उघडावे.